होडीचं झाड: हवाईतला कोआ

हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावर हिलो शहरातून हायवे ११ ने व्होल्कॅनो गावाकडे चढायला लागलं की पाऊण तासात अंगावर स्वेटर येतो. नॅशनल पार्कच्या मुख्य दरवाजाशी बहुतेक गाड्या डावीकडे विवराच्या दिशेने वळतात. आम्ही सरळ राहिलो. साधारण दोन मैलांवर उजव्या हाताला मौना लोआ रोड फुटतो आणि त्यावर दीडेक मैल गेलं की किपुकापुआउलू लागतं. किपुका म्हणजे चहूबाजूंनी लाव्हा वाहून गेला तरी मधे शाबूत राहिलेला जुन्या जमिनीचा तुकडा. इथली गोल वाट जेमतेम १.२ मैलांची, म्हणजे दोन किलोमीटरही नाही. चालायला तास पुरतो. कोआ बघायचा असेल तर दोन ठेवा.

जंगलात शिरण्याआधी बूट साफ करायचे. हवाईत ओहिआ नावाच्या झाडाला मारणारी बुरशी पसरली आहे आणि ती चिखलातून फिरते. आधी ब्रशने तळव्याच्या खाचांमधली माती पूर्ण काढायची, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारायचं. बरेच जण नुसता फवारा मारून पुढे जातात. मातीचा थर तसाच राहिला तर अल्कोहोल खाली पोचतच नाही.

कोकणात किंवा गोव्यात वाढलेल्या माणसाची कोआ पाहून पहिल्यांदा थोडी निराशा होते. अरे, ही तर ऑस्ट्रेलियन बाभूळ! सड्यांवर आणि रस्त्याच्या कडेला लावलेली, विळ्यासारख्या पानांची, तीच. दोन्ही अकेशियाच आहेत, तेव्हा साम्य खोटं नाही. पण कोआ हवाई बेटांखेरीज जगात कुठेही आपणहून उगवत नाही. त्याचा सगळ्यात जवळचा भाऊ सापडतो तो थेट हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर, १८,००० किलोमीटर दूर. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार रीयुनियनचं झाड कोआपासूनच निघालं आहे.

गुडघ्याएवढं रोप सापडलं तर खाली बसून एक फांदी नीट बघा. बुंध्याजवळची पानं आपल्या बाभळीसारखी असतात, बारीक पानोळ्यांची. त्यावरच्या पानाचा देठ चपटा, रुंद व्हायला लागलेला दिसतो आणि त्याच्या टोकाला पानोळ्यांचा एक झुबका शिल्लक असतो. आणखी वर गेलं की झुबका गायब, नुसता रुंदावलेला देठ. मोठ्या झाडावर आपण ज्याला पान म्हणतो तो हाच देठ. तो उभा लटकतो, त्यामुळे दुपारचं ऊन त्याच्या कडेवर पडतं आणि पाणी कमी उडतं. पानोळ्यांची पानं सावलीतल्या रोपाला जास्त उजेड धरून देतात. झाड उघड्यावर आलं की देठांवर काम चालवतं.

आता मान वर करायची. होडी बनवणारा कहुना, म्हणजे त्या विद्येतला जाणता, झाडाकडे कसा बघत असेल हे इथे उभं राहिलं की कळतं. मोकळ्यावर वाढलेला कोआ दोन-तीन मीटरवरच फुटतो आणि छत्रीसारखा पसरतो. दिसायला सुंदर, होडीच्या कामाचा शून्य. होडीला खोड हवं सरळ, न फुटलेलं, गाठी नसलेलं. चाळीस फुटी होडी काढायची तर त्याहून लांब सलग खोड लागतं, कारण दोन्ही टोकांना भेगा जातात आणि तेवढं कापून टाकावं लागतं. व्यासाला तीन फुटांच्या खाली गेलं तर कडेचं पांढरं लाकूड वजा जाता हाती फारसं उरत नाही. ते पांढरं लाकूड किडे आधी खातात. असं खोड फक्त दाट जंगलात तयार होतं, जिथे शेजारची झाडं बाजूच्या फांद्यांना उजेड मिळू देत नाहीत.

सगळं जमलं तरी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही, ती म्हणजे आतली सड. म्हातारे कोआ उभ्या-उभ्या आतून पोकळ होतात. इथे एलेपायो नावाचा चिमुकला पक्षी कामाला येई. झाड पाडल्यावर कहुना त्याची वाट बघत बसे. पक्षी खोडावरून नुसता तुरुतुरु चालत गेला तर लाकूड चांगलं. एका जागी थांबून टोचत राहिला तर तिथे कीड, आणि ते खोड सोडून द्यायचं. हा पक्षी म्हणजे होडीवाल्यांची देवी लेआ, अशी श्रद्धा. एलेपायो किडे खाऊन जगतो हे लक्षात घेतलं तर श्रद्धा आणि तपासणी एकच होती. किपुकापुआउलूत तो अजून दिसतो, चांगला धीट आहे, शिटी मारली तर जवळ येतो.

झाड पाडण्याआधी डुक्कर, नारळ, लाल मासा आणि आवा या मुळापासून केलेलं पेय असा नैवेद्य असे. मग दगडी वाकस. आपले सुतार जे वाकस वापरतात त्याच घाटाची, फक्त पातं बारीक कणांच्या काळ्या बेसॉल्टचं. हा दगड मौना केआच्या माथ्याजवळ साधारण ३,८०० मीटर उंचीवरच्या खाणीतून येई. हिमयुगात बर्फाखाली लाव्हा झटकन थंड झाल्याने तिथला दगड इतका घट्ट झाला. दगडी पातं लोखंडासारखं चिरत नाही, ते ठेचत-ठेचत तंतू तोडतं. म्हणून खोडाभोवती वर एक आणि खाली एक अशा दोन खाचा पाडत आणि मधलं लाकूड ढलप्यांनी उडवत. पोकळ भागाच्या आतून काम करायला वेगळी वाकस असे, जिचं पातं दांड्यावर डावी-उजवीकडे फिरवता येई. ती नसती तर होडीची आतली बाजू तासताच आली नसती.

होडी जंगलातच अर्धी घडवत. बाहेरचा आकार द्यायचा, आतून ढोबळ पोकळ करायची, मग किनाऱ्यावर न्यायची. वजन कमी होतं हे एक कारण. दुसरं असं की ओल्या खोडाचा गाभा काढून टाकला की सुकताना ताण कमी बसतो आणि मोठी चीर जात नाही. मात्र भिंती या टप्प्यावर जाड ठेवाव्या लागतात. आधीच पातळ केल्या तर सुकताना होडी पीळ खाते आणि नंतर सुधारायला लाकूड उरत नाही. एका टोकाला मुद्दाम गाठीसारखा मोठा खुंट शिल्लक ठेवत, त्याला दोर बांधून माणसं ओढत. ओढण्यापेक्षा उतारावर आवरणं अवघड, म्हणून मागच्या बाजूला जाणता माणूस राहून दिशा सांभाळे.

पुढचं बघायला बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पुउहोनुआ ओ होनाउनाउ या ऐतिहासिक उद्यानात जायला हवं. तिथे गवती छपराच्या हालाऊखाली, म्हणजे होड्यांच्या मांडवात, कोआच्या होड्या ठेवलेल्या आहेत. फोटो काढून निघू नका. काठाला डोळा लावून आत बघा. तळाशी दोन्ही बाजूंना लाकडाचे छोटे उंचवटे दिसतात. ते जोडलेले नाहीत, पोकळ करताना त्याच खोडात राखून ठेवलेले आहेत. हवाईयन भाषेत त्यांना पेपेइआओ म्हणतात, म्हणजे कान. आडव्या पट्ट्या याच कानांवर टेकतात. वाकस चालवणाऱ्याने पहिल्याच दिवशी कान कुठे येणार हे ठरवलेलं असायला हवं. एक कान चुकून उडाला तर तो परत चिकटवायची सोय नाही.

कोआचं काम इथे संपतं. खरं तर अर्ध्या जंगलाचं सुरू होतं. नुसतं पोकळ खोड लाटेत पाणी घेतं, म्हणून दोन्ही काठांवर मोओ नावाच्या फळ्या चढवतात. त्या अहाकेआ या पिवळसर लाकडाच्या, त्यामुळे काळ्या होडीला पिवळी किनार दिसते. होडीला आपण उलांडी म्हणतो तसा बाजूचा तरंगता ओंडका, आमा, हा विलिविलीचा. विलिविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा सख्खा भाऊबंद, लाकूड भेंडासारखं हलकं. आमा आणि होडीला जोडणारे दोन वाकडे दांडे हाऊच्या लाकडाचे, कारण ते हलकं असून लवचीक आहे आणि वाकलेल्या फांद्या सहज मिळतात. इथे ताठ लाकूड वापरलं तर प्रत्येक लाटेचा हिसका सरळ बांधणीवर येतो. फटी बुजवायला उलुचा, म्हणजे नीरफणसाचा, चीक.

आणि या सगळ्यात एकही खिळा नाही. काठाच्या फळीत आणि खोडात समोरासमोर भोकं पाडून ती काथ्याच्या दोरीने शिवतात. हवाईयन नाव आहा, वस्तू आपलीच, नारळाच्या सोडणातली. अरबी समुद्रातली जुनी गलबतंही काथ्यानेच शिवलेली असत, तेव्हा आपल्या माणसाला हे चमत्कारिक वाटायचं कारण नाही. काथ्या ओला झाला की फुगतो आणि भोक बंद करतो. शिवाय शिवलेला सांधा लाटेबरोबर किंचित हलतो, खिळ्याचा सांधा हलला की लाकूड फाडतो. सगळ्यात शेवटी पाएले, काळा लेप. पांडानसच्या पानांच्या कोळशात अकोको या चिकाळ झुडपाचा रस, कुकुईच्या मुळाची साल आणि केळफुलाचा चीक घालून तो बनत असे. कुकुई म्हणजे ज्याला आपण जंगली अक्रोड म्हणतो ते झाड. थोडक्यात, कोकणातल्या परसात उभं राहिलं तर या होडीचं अर्धं सामान नाहीतर त्याचे भाऊबंद हाताशी असतात. नसतो तो फक्त कोआ.

वल्हीही कोआचीच. लाटांवर स्वार व्हायच्या फळ्यांपैकी अलाइआ ही पातळ फळी कोआची किंवा नीरफणसाची असे. पोवळ्याच्या खरबरीत दगडाने घासून गुळगुळीत करायची, रंग द्यायचा, वर कुकुईचं तेल. समुद्रातून आलं की दर वेळी वाळवून परत तेल.

पण जेवणाची भांडी कोआची नसत. दुकानात चकचकीत कोआचे वाडगे पाहून हा सल्ला विचित्र वाटेल, तरी खरा आहे. कोआच्या लाकडात टॅनिन भरपूर, अन्नाला कडसर चव लागते. अळूच्या कंदाचं पोई ठेवायला कोउ, मिलो आणि कमानीचे वाडगे करत. मिलो म्हणजे परस भेंडी आणि कमानी म्हणजे उंडी. उंडीच्या बियांचं तेल आपल्याकडे दिव्याला आणि होड्यांना लावत, तिच्या लाकडाची थाळी करावी हे मात्र आपल्याला सुचलेलं दिसत नाही. आजच्या कोआच्या वाडग्यावर पक्कं फिनिश असतं, सुकामेवा ठेवायला हरकत नाही. आमटी नको.

होनोलुलुत आलात तर बिशप म्युझियम आणि इओलानी पॅलेस ही दोन ठिकाणं पुरे. १८८२ साली पूर्ण झालेल्या राजवाड्यातला मोठा जिना कोआचा आहे. बिशप म्युझियमच्या हवाईयन हॉलमधली जुनी कपाटंही कोआचीच, आणि लोक त्यांच्या काचेतल्या वस्तू बघण्यात कपाट बघायचं विसरतात. याच शहरात १८७९ साली रेव्हन्सक्रॅग जहाजाने मदेइरा बेटावरचे मजूर आले. त्यांच्यातल्या नुनेस, डिआस आणि एस्पिरितो सांतो या तिघा सुतारांनी आपल्या छोट्या गिटारीवरून युकुलेली घडवली आणि तिला इथलं लाकूड लावलं.

युकुलेली घ्यायची असेल तर काही गोष्टी ठाऊक हव्यात. कुरळ्या रेषांचा कोआ, जो प्रकाशात हलवला की चमक सरकताना दिसते, तो सगळ्यात महाग. मात्र कुरळेपणा म्हणजे तंतू नागमोडी गेलेले. त्यावर रंधा मारला की जिथे तंतू वर येतात तिथे लाकूड उपटतं. म्हणून रंध्याचं पातं नेहमीपेक्षा उभं लावायचं, केसासारखी पातळ छिलणी काढायची आणि शेवट पोलादी पट्टीने खरवडून करायचा. बाजूच्या पट्ट्या दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवून गरम लोखंडावर वाकवतात. कुरळी पट्टी नेमकी वाकणाच्या जागी चिरते. साध्या सरळ रेषांची युकुलेली आवाजाला कुठेही उणी नसते. पैसे जातात ते डोळ्यांच्या सुखाला.

लाकूड म्हणून कोआ सागाच्याच वजनाचा, कोरडा झाल्यावर घनमीटरला सुमारे ६०० किलो. सुकताना तो सागापेक्षा जास्त आक्रसतो, पण दोन्ही दिशांना जवळपास सारखा, साडेपाच आणि सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून फळी फारशी वाकडी होत नाही. इकडे आणल्यावर खरा घात करतो तो एसी. पावसाळ्यात फुगलेली युकुलेली एसीच्या कोरड्या हवेत उघडी टांगली की पाठीला तडा जातो. खोक्यात ठेवा आणि आतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं बघा.

फळी विकत घेताना भाव बोर्ड फुटाचा असतो. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड म्हणजे एक बोर्ड फूट. आपल्या घनफुटात असे बारा बसतात, तेव्हा सागाच्या भावाशी तुलना करताना बाराने गुणा आणि मगच दचका. स्वस्त वाडगा ‘हवाईयन’ म्हणून समोर आला तर तो बहुधा मंकीपॉडचा असतो, म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवरचा पर्जन्यवृक्ष, आणि घडवलेला बऱ्याचदा फिलिपिन्समध्ये. नुसतं ‘अकेशिया’ लिहिलेलं असेल तर तेही कोआ नव्हे. बिया किंवा रोपं मात्र बॅगेत टाकू नका. हवाईतून निघताना शेतकी तपासणी होते आणि भारतात बी आणायला परवाना लागतो.

आता ज्या खोडांपासून होड्या निघत त्यांचं काय झालं? हवाईइलोआ ही मोठी जोडहोडी पारंपरिक पद्धतीने करायचं ठरलं तेव्हा १९९० च्या सुमारास माणसं कित्येक महिने कोआची जंगलं हिंडली. जोडीतल्या दोन होड्यांना पुरतील एवढी मोठी, निरोगी दोन खोडं सगळ्या बेटांवर मिळाली नाहीत. शेवटी अलास्कातल्या आदिवासींच्या सीअलास्का कंपनीने सिट्का स्प्रूसची सुमारे ४०० वर्षांची दोन झाडं भेट दिली, आणि होडी १९९३ साली पाण्यात उतरली. कोआच्या बेटावर होडीला लाकूड बाहेरून आणावं लागलं.

कुऱ्हाड हे त्याचं एक कारण, पण मोठं कारण गुरं. १७९३ साली कॅप्टन व्हँकुव्हरने राजा कामेहामेहाला गाईगुरं भेट दिली आणि त्यांची संख्या वाढावी म्हणून दहा वर्षं ती मारायला बंदी होती. गुरं रानटी झाली, डोंगरभर पसरली. कोआचं रोप गुरांना फार आवडतं. वरची म्हातारी झाडं मरत गेली, खालचं एकही रोप टिकलं नाही, आणि जंगलाचं कुरण झालं.

उलट फिरवणं त्या मानाने सोपं आहे, कारण कोआचं टणक बी जमिनीत वीस-पंचवीस वर्षं जिवंत राहतं. कुंपण घालून गुरं बाहेर काढली आणि गवताचा थर खरवडला की बरीच रोपं आपोआप वर येतात. मुळांमधूनही फुटवे येतात. रोपवाटिकेत करायचं तर उकळीला आलेलं पाणी आचेवरून उतरवायचं, बियांच्या निदान पाचपट घ्यायचं, बिया टाकून तसंच निवू द्यायचं आणि चोवीस तास भिजत ठेवायचं. फुगलेल्या बिया पेरायच्या, न फुगलेल्या परत त्याच पाण्यातून काढायच्या किंवा नखकापणीने टोकाची साल टोचायची. आचेवर ठेवून उकळल्या तर बी शिजतं. पहिली चार-पाच वर्षं झाड वर्षाला दीड मीटर वाढतं. समुद्रसपाटीच्या जवळ मात्र फ्युझेरियम बुरशीने होणारा मर रोग उभं झाड वाळवतो. साधारण ७५० मीटरच्या खाली लावायचं तर रोगाला टिकणाऱ्या निवडक झाडांचंच बी घ्यावं.

मौना केआच्या पूर्व उतारावर पक्ष्यांसाठी हाकालाऊ अभयारण्य १९८५ साली झालं, आणि जुन्या कुरणांवर तिथे कोआच्या ओळी उभ्या राहिल्या आहेत. आधी परवानगी घ्यावी लागते आणि रस्ता फोर-व्हील गाडीचा. इतक्या उंचीवर रात्री दव गोठतं आणि ओहिआची रोपं उघड्यावर मरतात, म्हणून आधी कोआ, मग त्याच्या आडोशाला बाकीचं जंगल, असा क्रम. पक्ष्यांसाठी हे पुरेसं आहे. होडीसाठी लावायचं असेल तर अंतर अडीच मीटरच्या आत ठेवून दाटी करावी लागते, नाहीतर झाड खालीच फुटतं. ती दाटी पुढे टप्प्याटप्प्याने विरळ करायची, शेजारी आधार देतील एवढेच ठेवायचे, आणि गाभ्याचा लाल रंग भरायला वाट बघायची, कारण तरुण झाडात जवळजवळ सगळं पांढरंच लाकूड असतं.